धाबं गळतंय म्हणून वाडा पाडायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. खानदेशातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात बोरी नदीकाठच्या एका गावात दीडशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा आहे. पुढे देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे, मागे माजघर. गेल्या दोन पावसाळ्यांत माजघर गळायला लागलं, पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं आणि सोप्यातला एक खांब खाली बसला. ठेकेदार म्हणतो, धाबं उतरवून स्लॅब टाका आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करा. चुलतभाऊ म्हणतात, पाडा आणि खांब विकून टाका. गावातल्या काही जणांना तिथे वाचनालय हवंय. विचारणारे शिक्षक आहेत. त्यांनी बावीस फोटो पाठवले आणि विचारलं, वाचेल का?

सर, तुमच्या तेराव्या फोटोपासून सुरुवात करते. तो धाब्यावर उभं राहून काढलेला आहे. डाव्या कोपऱ्यात हजार लिटरची काळी टाकी आणि समोर सानं, म्हणजे छतातला उजेडाचा झरोका. सान्याची कड जरा मोठी करून बघा. पाणी आत उतरू नये म्हणून सान्याची लाकडी चौकट मूळ धाब्यापेक्षा वीतभर उंच ठेवलेली असते. तुमच्या फोटोत ती चौकट दिसतच नाही. माती तिच्याही वर गेली, म्हणून कोणीतरी भोवती विटांचे चार थर रचून सानं उंच केलंय, आणि आता माती त्या विटांच्याही गळ्याशी आलीय. म्हणजे मूळ मापापेक्षा दीडेक फूट माती तुमच्या माजघराच्या डोक्यावर जास्तीची बसली आहे. वाडा म्हातारा झाला म्हणून गळत नाहीये. काळजीपोटी वर्षानुवर्षं जे केलं गेलं, त्याचं ओझं त्याला झालंय.

हे कसं होतं, ते खानदेशात वाढलेल्या माणसाला सांगायला नको, तरी सांगते. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मृगाच्या आत धाब्यावर खारी, म्हणजे खारट माती, पडायची. खारीच का, तर तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, पहिल्या पावसात बारीक भेगांत जाऊन बसतात आणि वरचा पापुद्रा जवळजवळ बंद होतो. पाणी मुरत नाही, पन्हळीकडे पळतं. शिवाय खाऱ्या मातीत गवत फारसं धरत नाही. इतकी साधी आणि इतकी हुशार गोष्ट मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. पण या कामाचा एक पहिला भाग असायचा, तो गळून पडला. नवी खारी टाकण्याआधी जुना पोपडा फावड्याने खरवडून खाली उतरवायचा. खरवडणं कष्टाचं, टाकणं सोपं. घरात माणसं कमी झाली, मुलं सुरत-पुण्याला गेली आणि नुसतं टाकणं उरलं.

आता वजनाचा हिशेब करू. तुमच्या माजघराचा एक खण पाच फूट बाय बारा फूट धरला तर साठ चौरस फूट होतात. त्यावर एक फूट कोरडी माती म्हणजे पावणेतीन ते तीन टन. अडीच फूट झाली की सात टन, आणि भिजली की त्याहून जास्त. टाकी भरल्यावर तिचा एक टन वेगळा, तोही एका कोपऱ्यात. तुळईच्या जागी मी असते तर केव्हाच नोकरी सोडली असती.

म्हणून पहिलं काम कोणतंही बांधकाम नाही. टाकी खाली उतरवायची आणि जास्तीची माती काढायची. पण माती काढतानाही घाई नको. सगळ्या तुळयांखाली आधी टेकू लावा, टेकूच्या बुडाशी फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीत रुततो. मग माती सगळ्या खणांवरून सारखी, चार-चार इंचांच्या थराने उतरवा. एक खण पूर्ण रिकामा आणि शेजारचा भरलेला असं केलं तर वर्षानुवर्षं समतोलात बसलेला सांगाडा एका बाजूला कलतो. वरची खारी वेगळ्या ढिगात टाका. तिच्याखाली निघेल ती पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची पांढरट, माती जपून ठेवा, ती भिंतींना लागणार आहे. खारी मात्र गिलाव्यात मिसळली तर भिंतीला लोणा (क्षारांची कुरतड) आपणच लावल्यासारखं होईल.

पांढरीवरून आठवलं. गावाशेजारच्या पडक्या गढीची माती खणून आणण्याचा मोह होईल, कारण ती फुकट आहे आणि चांगली आहे. कृपा करून आणू नका. खानदेशातल्या कित्येक गढ्या वेढ्यात पडल्या नाहीत, फावड्याने पडल्या. शिवाय त्या पांढरीखाली काय असेल सांगता येत नाही. प्रकाशे आणि बहाळ इथल्या अशाच टेकाडांत खणलं तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर निघाले होते.

आता खालून येणारं पाणी. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका म्हाताऱ्या गवंड्यांनी मला जोत्याजवळ बसवून सांगितलं होतं, "ताई, पानी वरथीन नई, खालथीन चढस." मी तेव्हा मान हलवली आणि मला योग्य वाटलं तेच केलं. घडीव काळ्या दगडाच्या जोत्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं, वर मातीच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. दिसायला काम फार नेटकं झालं होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मालकांचा फोन आला. गिलावा जागेवर होता, पण त्यावर टिचकी मारली की पोकळ आवाज येत होता. एका जागी फोडला तर आतून पिठासारखी माती ओंजळभर बाहेर आली. जमिनीतलं पाणी दगडाच्या सांध्यांतून बाहेर पडून वाळायचं, ती वाट मी बंद केली होती. मग ते सिमेंटच्या मागून वर चढलं आणि जिथे गिलावा संपत होता त्या रेषेवर क्षार सोडून भिंत कुरतडत बसलं. तो गिलावा मी माझ्या खर्चाने काढला. तुमच्या ठेकेदाराचा सल्ला वाचल्यावर मला पहिल्यांदा तीच भिंत आठवली.

तुमच्या दुसऱ्या फोटोत गल्ली दिसते. सिमेंटचा रस्ता ओट्याच्या पहिल्या पायरीला गिळून बसलाय. आधी मुरूम, मग खडी, मग काँक्रीट, त्यावर पुन्हा काँक्रीट. प्रत्येक वेळी जुना थर न काढता नवा टाकला. धाब्यावर जे झालं तेच गल्लीत झालं. आता गल्लीचं पाणी जोत्याला टेकून उभं राहतं. यावर उपाय म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला लागून हातभर रुंदीचा रस्ता कापून घ्यायचा, दोन फूट खोल चर खणायचा, तळाला उतार देऊन गोटे-खडी भरायची आणि त्याचं तोंड गटारीला न जोडता मोकळ्या उताराला काढायचं. चर जोत्याच्या पायाखाली जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीची परवानगी लागेल. ती मागताना रस्ता फोडायचाय असं म्हणू नका, पाणी काढायचंय असं म्हणा. आणि त्या भिंतीला बाहेरून टेकवून जी नवी मोरी बांधलीय, ती हलवावी लागेल. भिंतीला पोट आलंय ते बरोबर मोरीच्या पाठीमागे.

त्या पोटाचं काय करायचं, हे आज ठरवू नका. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते आणि तिच्यावरच्या भिंतींच्या भेगा ऋतूप्रमाणे उघडझाप करतात. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही टोकांना चुना किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि वर तारीख लिहा. वरून ओळंबा सोडून पोट किती इंच आहे ते दर महिन्याला त्याच खुणेवर मोजा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली नाही आणि माप बदललं नाही तर ती भिंत जुनीच दुखणेकरी आहे, तिला नुसती विश्रांती हवी. माप वाढत गेलं तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागेल. वर्षभर थांबणं ठेकेदाराला परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

आणि थांबता येतं, कारण तुमचं छत त्या भिंतीवर नाहीच. ही गोष्ट चुलतभावांना नीट समजावून सांगा. सोळाव्या फोटोत जिथे गिलावा पडलाय, तिथे भिंतीच्या आत उभा लाकडी खांब दिसतोय. तुमच्या वाड्याचं सगळं ओझं कड्यांवरून, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांवरून, तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून त्यांच्या बुडाच्या दगडी उथळ्यांवर असं उतरतं. पांढरीच्या भेंड्यांची (कच्च्या विटांची) दोन-अडीच फुटी भिंत मुख्यतः आडोसा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तिकडच्या माळवदाच्या, म्हणजे अशाच मातीच्या छताच्या, घरांनी हजारो माणसं घेतली. कारण होतं तेच, वर फूट-दोन फूट माती आणि खाली मातीत रचलेले गोल दगड. पण त्याच गावांत दगडी भिंती बाहेर ढासळल्या आणि लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला, अशीही घरं होती. तिथून मी दोन गोष्टी घेतल्या: डोक्यावरची माती हलकी ठेवायची आणि लाकडाच्या सांध्यांना जपायचं.

म्हणून खाली बसलेला तो खांब या सगळ्या प्रकरणात मला भिंतीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. भिंतीत पुरलेले खांबही तपासा. बुडाशी दोन फूट गिलावा काढा आणि जाड पेचकस लाकडात दाबून बघा. चांगल्या सागात तो पाव इंचही जात नाही. कुजलेल्या जागी मुठीपर्यंत जातो. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर खणखणीत आणि बद्द यांतला फरक कानालाही कळतो. बहुतेक वेळा खांब वरून ठणठणीत असतो, फक्त उथळ्यालगतचा फूट-दीड फूट गेलेला असतो. तेवढ्यासाठी आख्खा खांब बदलायचा नसतो. तुळईला दोन्ही बाजूंनी जॅक लावून केसभर उचलायचं, कुजलेला भाग तिरका कापायचा आणि त्याच जातीच्या, वाळलेल्या, शक्यतो जुन्या लाकडाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवून आरपार लाकडी खुंट्या मारायच्या. केसभर म्हणजे खरोखर केसभर. एका दिवसात खांब इंचभर वर घेणारा सुतार मी पाहिलाय, त्या दिवशी वरच्या तीन तुळयांचे सांधे एकदम बोलले. उथळ्यावर खांब ठेवण्याआधी मध्ये शिशाचा पत्रा घाला, म्हणजे ओल चढणार नाही.

तुमच्या दरवाजाची चौकट फोटोत इतरांपेक्षा काळी आणि गुळगुळीत दिसतेय. ती अंजनाची असण्याची शक्यता आहे. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि वाळवीही त्याच्या सहसा वाट्याला जात नाही. त्यावरचा चॉकलेटी ऑइल पेंट मात्र काढायला हवा. कॉस्टिक सोडा किंवा घासयंत्र नको, नक्षीची धार जाते. पेंट रिमूव्हर आणि लाकडी पट्टी घेऊन हळूहळू काढा, मग उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने दोन-तीनदा द्या. जुने लोक बिब्ब्याचं तेल लावायचे. उपाय खरा आहे, पण अंगावर उततं, गावातल्या पोरांना त्या कामाला लावू नका.

स्लॅबबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण जुन्या घरांवर प्रेम करणारे लोक इथे चुकीचा युक्तिवाद करतात. स्लॅब जड असतो म्हणून नको, असं म्हणू नका. पाच इंची स्लॅब फूटभर मातीपेक्षा हलकाच भरतो, ठेकेदार लगेच हिशेब मांडून दाखवेल आणि तुम्ही हराल. अडचण दुसरी आहे. स्लॅब टाकायला सांगाडा काढावा लागतो आणि मग सगळं ओझं पहिल्यांदाच मातीच्या भिंतींवर येतं, ज्या त्यासाठी बांधलेल्याच नाहीत. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उघडा स्लॅब दुपारी पसरतो, रात्री आकसतो आणि दर वेळी भिंतीचा माथा थोडा बाहेर ढकलतो. स्लॅबखाली चारी बाजूंनी आडवी भेग पडलेली जी घरं गावोगाव दिसतात, ती यामुळे. आणि क्युरिंगचं पाणी पंधरा दिवस भेंड्यांत मुरतं ते वेगळंच. उन्हाचं म्हणाल तर जाड धाब्यातून दुपारची उष्णता खाली यायला आठ-दहा तास लागतात, तोवर अंगणात खाट टाकायची वेळ झालेली असते. स्लॅब संध्याकाळीच तापलेल्या तव्यासारखा डोक्यावर येतो.

मग धाबं परत कसं करायचं? कड्यांवर किलचन, म्हणजे लाकडी फळकुटांचा थर, त्यातलं कुजलेलं तेवढंच बदलायचं. त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या) आडव्या, मग कडुनिंबाचा पाला, त्यावर भुसा घालून आठ-दहा दिवस आंबवलेला चिखल तीन-चार इंच. तो ओलसर असताना चोपण्याने चोपायचा, भेगा पडल्या की पुन्हा चोपायचा. वर पांढरी आणि शेवटी पातळ खारी. सगळं मिळून दहा इंचांवर जाऊ देऊ नका. दहा फुटांना तीन-चार इंच उतार पन्हळीकडे ठेवा. पन्हळ भिंतीपासून दोन फूट तरी पुढे आली पाहिजे. तुमच्या सगळ्या पन्हळी तुटून भिंतीशी आल्यात आणि त्यांच्याखालीच भिंत धुपलीय, हे नवव्या फोटोत लख्ख दिसतं. ताडपत्री किंवा प्लास्टिक मातीच्या पोटात घालू नका, घाम खाली अडकून किलचन कुजतं.

गिलाव्याची माती निवडताना काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा. तळाला वाळू, मध्ये गाळ, वर चिकण असे पट्टे दिसतील. नुसता चिकणाचा जाड पट्टा असेल तर वाळू मिसळा. शेतातली काळी माती अजिबात नको, वाळताना ती तळहाताएवढ्या खपल्या काढते. जोत्याचे सांधे भरायला विरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन भाग. हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतच करा. उन्हाळ्यात चुना आवळायच्या आधीच वाळून जातो. भरल्यावर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट हवं.

दरवर्षी खरवडायला माणसं नसतील, तर माझं एक मत आहे जे माझ्याच व्यवसायातल्या काहींना पटत नाही. हलक्या धाब्याच्या वर वेगळ्या लोखंडी खांबांवर, मधे तीन फूट मोकळी हवा ठेवून, पत्र्याचं छप्पर उभारा. गल्लीतून दिसणार नाही एवढं मागे घ्या. शुद्धतेच्या हट्टापायी पडलेला वाडा बघण्यापेक्षा पत्र्याखाली कोरडा उभा असलेला मला चालतो, आणि कधीही काढता येतो.

कागदांचं थोडक्यात. तुमचा वाडा संरक्षित यादीत नसेल तर दुरुस्तीचा निर्णय मालकांचाच. फक्त जवळपास केंद्र संरक्षित स्मारक आहे का ते बघा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्याच्यापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत) सगळ्या वारसांची नावं आहेत का ते तपासा. वाचनालयाला जागा द्यायची तर नोंदणीकृत करार करूनच द्या, कितीही घरचा मामला असला तरी. देवळीत किंवा पेटीत मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) असतील तर ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे दाखवा. त्यात वाडा कोणी, कधी, किती खणांचा बांधला हेही निघू शकतं.

आणि खांब विकण्याबद्दल. चुलतभावांना जो भाव मिळतोय तो फक्त नक्षीच्या चार खांबांचा आणि दिंडी दरवाजाचा असेल. व्यापारी केळफुलाची नक्षी असलेले खांब काढून नेतो, बाकीचं धाबं टेकूवर सोडतो. अशा एका वाड्यात मी गेले होते. पुढच्या पावसात उरलेलं माजघर बसलं आणि मलबा हटवायचा खर्च भावाभावांत वाटून घ्यावा लागला.

वाचनालय जरूर करा, पण पुस्तकांची कपाटं माडीवर नको, खालच्या सोप्यात ठेवा. पुस्तकांनी भरलेलं कपाट किती जड असतं ते शिक्षकांना सांगायला नको. भिंतीपासून वीतभर सोडून उभी करा, मागून हवा खेळली पाहिजे आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसली पाहिजे.

आता मृगाला किती दिवस उरलेत ते बघा आणि टाकी या आठवड्यात उतरवा. टेकू लागले की सान्यापासून दोन हात अंतरावर किलचन लागेपर्यंत एक वीतभर रुंदीचा खड्डा खणा, त्यात मोजपट्टी उभी करून फोटो काढा आणि मातीचे थर दिसतील असा पाठवा. नेमकी किती इंच उतरवायची, ते तो फोटो बघून सांगते.